कोपऱ्यातला गडी

एखाद्याच्या यशातला त्याचा स्वतःचा वाटा किती आणि त्याच्या भोवतालच्या मंडळींचा किती, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. तो अधिक स्वच्छ रूपात मला भेटला तो अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये. माझा पुतण्या नोकरीनिमित्त सिअॅटलला असतो. त्याने पाठविलेले जुने सामने पाहता पाहता मला या खेळाची गोडी लागली.

या फुटबॉलमध्ये पायाचे काम थोडे, हाताचे फार. त्यात ‘कॉर्नरबॅक’ नावाचा एक गडी असतो. चेंडू झेलण्यासाठी पुढे धावणाऱ्याला कडेने अडविणे हे त्याचे काम. कबड्डीतला कोपरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची अडचण चटकन कळेल. कोपऱ्याने पाय धरला की टाळ्या त्याला पडतात. पण शेजारचा गडी वेळेवर धावून आला नसता, तर चढाई करणारा निसटलाच असता. कॉर्नरबॅकचे तर याहून विचित्र आहे. तो उत्तम खेळू लागला की प्रतिपक्ष त्याच्या बाजूला चेंडू टाकणेच सोडतो. जे घडले नाही, ते मोजायचे कसे?

सिअॅटलच्या रिचर्ड शेरमनचे उदाहरण घ्या. २०११ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत तो १५४ वा निवडला गेला. पुढे २०१२ आणि २०१३ या दोन्ही हंगामांत त्याने प्रतिपक्षाचे आठ-आठ चेंडू पळविले. त्याच्या संघाची रचना ठरलेली होती. मैदानाच्या मागच्या भागाचे तीन पट्टे करायचे. कडेचा पट्टा शेरमनने सांभाळायचा, मधला अर्ल थॉमसने. शिवाय पुढची फळी चेंडू फेकणाऱ्याला श्वास घेऊ देत नसे. तेव्हा टीकाकार म्हणाले, हे यश रचनेचे. न्यू यॉर्क जेट्सचा डॅरेल रेव्हिस प्रतिपक्षाच्या सर्वोत्तम गड्याच्या मागे मैदानभर फिरे, हा मात्र बहुधा आपल्याच बाजूला उभा राहतो.

या मताला पुरावाही मिळाला. शेरमनच्या समोरच्या कडेला खेळलेला बायरन मॅक्सवेल २०१५ साली सहा वर्षांच्या, ६ कोटी ३० लाख डॉलरांच्या कराराने फिलाडेल्फियाला गेला. तिथे त्याची अशी त्रेधा उडाली की एका हंगामानंतर त्याला मायामीकडे देऊन टाकले. फिलाडेल्फियाने माणूस विकत घेतला. त्याचे घर सिअॅटललाच राहिले.

इथवर पटते. परंतु घर बदलले आणि माणूस पडला, म्हणजे त्याच्यात मुळात काही नव्हते, असे म्हणता येईल का? त्याच फिलाडेल्फियाने २०११ साली नामदी असोमुघाला पाच वर्षांसाठी ६ कोटी डॉलर देऊ केले होते. ओकलंडच्या दुबळ्या संघात राहून ज्याने नाव मिळविले, त्याचे यश संघाने दिलेले कसे म्हणावे? तरी तोही नव्या ठिकाणी फिका पडला आणि दोन वर्षांनी मोकळा केला गेला. त्याचे वय तिशीत पोचले होते, हेही खरेच. सारांश, स्थलांतराची कसोटी दिसते तितकी निर्णायक नाही.

माझ्या मते खरी तुलना एकाच घरातल्या माणसांची करावी. मॅक्सवेललाही तीच रचना होती, तोच थॉमस होता, तीच पुढची फळी होती. तरी तो शेरमन झाला नाही. हा जो फरक उरतो, तो माणसाचा.

१९ जानेवारी २०१४ च्या उपान्त्य सामन्यातला शेवटचा प्रसंग पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रॅबट्रीकडे चेंडू आला. शेरमन त्याच्यासोबत कोपऱ्यापर्यंत धावला, उडाला, आणि हाताने त्याने चेंडू उडविला. तो झेलला माल्कम स्मिथने. शेरमनच्या आयुष्यातला सर्वात गाजलेला चेंडू हिशेबाच्या वहीत दुसऱ्याच्या नावावर आहे! वही वाचणाऱ्याला शेरमन कळणार नाही, त्याचे पाऊल पाहणाऱ्याला कळेल.

हे सारे मी तटस्थपणे लिहितो आहे, असे मात्र नाही. माझी पहिली कादंबरी एका कडक संपादकाने जवळजवळ तृतीयांश कापली होती. तिचे कौतुक झाले. ते गृहस्थ गेल्यावर दुसरी निघाली आणि पडली. एका परीक्षणात स्पष्टच म्हटले होते, पहिले यश संपादकाचे. पदवी नसलेल्या मास्तराला ते वाक्य फार लागले. मी बरीच वर्षे मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मूळ हस्तलिखित काढून बसलो. कापलेली पाने खरोखरच वाईट होती. तेव्हा परीक्षक अर्धा बरोबर होता. पण त्याच संपादकाच्या हाताखालून दुसरी कितीतरी हस्तलिखिते गेली, आणि त्यांतली बहुतेक कापूनही उभी राहिली नाहीत. माझ्या कादंबरीत जे उरले, ते मी लिहिलेले होते. मात्र ते उरावे इतकी शिस्त माझ्यात नव्हती, हे दुसऱ्या कादंबरीने दाखविले. तो दोष माझाच.

म्हणून यशाची रुपये-आणे-पै वाटणी करू पाहणाऱ्या टीकाकारांना माझी एवढीच विनंती आहे. वहीतले आकडे वाचा, पण तिथे थांबू नका. त्याच्याच शेजारी, त्याच सोयीत वावरलेल्या दुसऱ्याने काय केले ते पाहा. मग निकाल द्या. तो विरुद्ध गेला तरी ज्याच्यावर दिला, त्याला तो वाचवेल.