घामेजलेला तळवा
पर्ल बक यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. पण १९५० साली त्यांनी आपल्या मुलीविषयी लिहिलेले ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ हे लहानसे पुस्तक मला त्यांच्या कादंबऱ्यांहूनही मोलाचे वाटते. कॅरोल १९२० साली चीनमध्ये जन्मली. तिच्या बुद्धीची वाढ खुंटली. आरंभी आईला अभिमान वाटतो तो तान्हुलीच्या रूपाचा. बोटीवरचे प्रवासी कौतुक करतात आणि ती सुखावते. (कोणती आई सुखावणार नाही?) पुढे ती लेकीला अक्षरे शिकवू लागते. एके दिवशी हात धरून गिरविताना ध्यानात येते, पोरीचे तळवे घामाने भिजले आहेत. ती शिकत होती ती केवळ आईला बरे वाटावे म्हणून! आईने पुस्तके उचलून ठेवली.

संस्थांविषयीचे विवेचन मात्र लांबते. तिथे लेखिका बोलते, आई नव्हे. पण वाचता न येणारी ही मुलगी हवी ती गाण्याची तबकडी नेमकी शोधून काढते, हे सांगताना लेखणी पुन्हा फुलते. बोटीवरच्या प्रवाशांनी वाखाणावे असे त्यात काहीच नाही.