कार्रिएरा, रोझाल्बा

(१२ जानेवारी १६७३ – १५ एप्रिल १७५७). विख्यात इटालियन चित्रकर्त्री. जन्म व मृत्यू व्हेनिस येथे. जुन्या ग्रंथांतून तिचे जन्मवर्ष १६७५ असे आढळते. वडील कारकून होते, तर आई लेस विणीत असे. तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर लघुचित्रे रंगविण्यापासून तिने व्यवसायास आरंभ केला, असे सांगतात. चर्मपत्राऐवजी हस्तिदंतावर लघुचित्रे काढण्यात ती अग्रेसर होती आणि अशाच एका लघुचित्रामुळे १७०५ मध्ये तिला रोमच्या सेंट ल्यूक अकादमीत प्रवेश मिळाला. पेस्टल चित्रणात मात्र तिची खरी कर्तबगारी आहे. तोवर मुख्यतः आराखड्यांसाठी व अभ्यासचित्रांसाठी योजले जाणारे हे माध्यम तिने स्वतंत्र व्यक्तिचित्रणाच्या पदवीस नेले.

पेस्टलच्या कांड्या रंगद्रव्याची वस्त्रगाळ पूड, पांढरी खडी व अत्यल्प डिंक एकत्र मळून करतात. त्यांत तेल नसल्याने चित्र वाळण्याची वाट पहावी लागत नाही, हवे तेव्हा काम थांबवून पुन्हा हाती घेता येते आणि गिऱ्हाइकाला थोड्याच बैठका द्याव्या लागतात. व्हेनिसमध्ये त्या काळी यूरोपच्या प्रवासास निघालेल्या धनिक इंग्रज तरुणांची सतत वर्दळ असे. मुक्काम थोडा, पण स्वतःचे चित्र बरोबर नेण्याची हौस दांडगी, अशा या वर्गाला पेस्टल अगदी सोयीचे होते. रोझाल्बाच्या यशामागे असलेली ही व्यावहारिक बाजू तिचे चरित्रकार अनेकदा नजरेआड करतात.

तिची चित्रणपद्धती वरकरणी सोपी भासते. कागद बहुधा निळसर घेतलेला असे व त्याचा रंग छायेच्या भागांत मधूनमधून डोकावे. चेहऱ्यावरील रंग बोटाने अथवा कागदाच्या गुंडाळीने घासून ती एकजीव करी आणि त्यावर न घासलेल्या मोजक्या रेघांनी डोळे, ओठ व केसांच्या बटा उठावदार करी. लेससाठी पांढऱ्या कांडीची कड कागदावरून हलकेच ओढली जाई. कागदाच्या खरबरीत पृष्ठावर जेथे पूड लागे तेथे धागा दिसे, जेथे ती न लागे तेथे जाळी. लेस विणणारीच्या मुलीने लेसचा एकेक टाका रंगविण्याचे टाळावे, हे लक्षणीय आहे. कणांवर तेलाचा वा रोगणाचा थर नसल्याने प्रकाश त्यांवरून विखुरतो आणि तैलचित्रात सहसा न आढळणारी मखमली झळाळी त्वचेला लाभते.

पीएर क्रोझा या श्रीमंत फ्रेंच संग्राहकाच्या निमंत्रणावरून १७२० मध्ये ती पॅरिसला गेली. तेथे तिने बालराजा पंधरावा लुई व चित्रकार आंत्वान वातो यांची व्यक्तिचित्रे काढली. स्त्रियांना प्रवेश न देण्याचा १७०६ चा ठराव असतानाही फ्रेंच राजकीय अकादमीने तिला सदस्य करून घेतले. तिचा प्रवेशकृतीदाखल पाठविलेला अपोलोच्या परिवारातील अप्सरेचा पेस्टल लूव्हर संग्रहालयात आहे. पॅरिसमधील वास्तव्याची तिची दैनंदिनीही उपलब्ध आहे. पुढे ला तूर व लिओतार यांनी हे माध्यम वेगळ्या वाटांनी विकसित केले. ला तूरच्या चेहऱ्यांतील क्षणिक, तल्लख भाव तिच्यात क्वचितच सापडतात.

तिचे चेहरे परस्परांसारखे दिसतात, हा तिच्यावरील नेहमीचा आक्षेप बव्हंशी खरा आहे. किंचित कललेली मान, मंद स्मित, केसांतील फुले यांची पुनरावृत्ती ऋतू, काव्यदेवता इ. रूपकात्मक चित्रांत कंटाळवाणी होते. परंतु या आक्षेपावरून पेस्टल हे मुळातच नाजूक, वरवरचे माध्यम आहे, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो ग्राह्य नाही. गोडवा गिऱ्हाइकाला हवा होता. त्याचे मूळ खडूत नव्हते. जेथे गिऱ्हाइकाची मर्जी राखावयाची नव्हती, तेथे तीच कांडी निष्ठुर होते. बहिणीचे चित्र हाती धरलेले १७१५ च्या सुमाराचे आत्मचित्र (उफीत्सी, फ्लॉरेन्स) तिच्या चेहऱ्यातील जाडेपणा लपवीत नाही. हिवाळ्याच्या रूपातील आत्मचित्रात (१७३०–३१, ड्रेझ्डेन) फरच्या मऊ किनारीमुळे वार्धक्य अधिकच उघडे पडते. व्हेनिसच्या अकादमी संग्रहालयातील, सु. १७४६ च्या अखेरच्या आत्मचित्रात डोक्यावर पानांचा मुकुट आहे, पण विजयाचा लवलेशही नाही. विरळ पांढरे केस, घट्ट मिटलेले ओठ व खोल गेलेली नजर एवढ्यावरच ते उभे आहे. घासून आणलेल्या गुळगुळीतपणाचा तिने येथे जवळजवळ त्याग केला आहे. तिच्या कर्तृत्वाचे मोजमाप या चित्रावरून व्हावयास हवे.

याच सुमारास तिची दृष्टी मंदावू लागली. मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियांनी तात्पुरताच गुण आला आणि १७५१ च्या सुमारास ती पूर्ण अंध झाली. सॅक्सनीचा इलेक्टर व पोलंडचा राजा ऑगस्टस तिसरा याने तिची दीडशेहून अधिक पेस्टल-चित्रे जमविली होती. त्यांपैकी सत्तरांवर आज ड्रेझ्डेन येथे आहेत. कागदावर केवळ टेकलेली पूड हादऱ्याने गळते, म्हणून ती काचेआड ठेवलेली असतात व क्वचितच बाहेर पाठविली जातात.