चिक चॉकलेट यांचे स्मरण : उपमा, श्रेय आणि समीक्षा

सारांश : जॅझ ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (१९१६–१९६७) यांचे मरणोत्तर स्मरण प्रामुख्याने दोन प्रकारे होते. ‘हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग’ ही उपाधी हा एक प्रकार, तर हिंदी चित्रपटगीतांमागील उपेक्षित वादक ही प्रतिमा हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रकारांच्या मर्यादा तपासल्या आहेत.

बीजसंज्ञा : जॅझ, वाद्यवृंद, गोमंतकीय वादक, चित्रपटसंगीत, श्रेय

१. पार्श्वभूमी

चिक चॉकलेट यांचे मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म बार्देशातील हळदोणे येथे झाला. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण लहानपणीच मिळत असे. उपासनेसाठी घेतलेली ही विद्या अनेकांच्या चरितार्थाचे साधन बनली आणि असे वादक मोठ्या संख्येने मुंबईत आले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकी कलावंताचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे वादकही आले. त्यामुळे तबकड्यांवरून ओळखीचे झालेले जॅझ मुंबईतील वादकांना समोरासमोर ऐकता आले. चाळीसच्या दशकात चिक यांनी ट्रम्पेटवादक आणि वाद्यवृंदप्रमुख म्हणून जे नाव मिळवले, ते या वातावरणात.

या काळातील मोठ्या वाद्यवृंदाची रचना समजून घेणे येथे आवश्यक आहे. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे स्वतंत्र गट, त्यांना आधार देणारा तालविभाग, लिहून काढलेले संयोजन आणि त्या चौकटीत एकेका वादकाला उत्स्फूर्त वादनासाठी सोडलेली जागा, अशी ही व्यवस्था असे. म्हणजेच लिखित शिस्त आणि तत्काळ निर्मिती या दोन्ही गोष्टी वादकाच्या अंगी असाव्या लागत. गोमंतकीय वादकांना पहिली शिक्षणातून लाभली होती. दुसरी त्यांनी ऐकून आणि वाजवून कमावली.

२. उपमेची मर्यादा

चिक हे आर्मस्ट्राँग यांच्या शैलीचे उघड अनुकरण करीत आणि श्रोत्यांनाही ते हवे असे. त्यामुळे ‘हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग’ ही उपाधी त्या काळी गौरवाचीच होती. मात्र मृत्यूनंतर तीच ओळख उरली की वादक मूळ प्रतिमेची छाया होतो. जे आर्मस्ट्राँगसारखे तेवढेच त्याचे, आणि जे तसे नाही ते जणू त्याचे नव्हेच, असा अर्थ त्यातून निघतो.

या समजुतीला छेद देणारा पुरावा उपलब्ध आहे. ‘नादान’ (१९५१) या चित्रपटाला चिक यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले होते. तलत महमूद यांनी गायिलेले ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ हे त्यातील गीत आजही रसिकांच्या स्मरणात आहे. त्या गीतात नृत्यगृहातील जल्लोष नाही. गायकाच्या मृदू, कंपित आवाजाला जपणारी संथ चाल हे त्याचे वैशिष्ट्य आहे. ज्याची ख्याती ट्रम्पेटच्या झगझगीत स्वरांची, त्याच्या नावावरील हे गीत संयमाचे आहे. आर्मस्ट्राँगच्या उपमेत हे गीत बसत नाही, म्हणूनच चिक यांच्या मूल्यमापनात त्याला महत्त्वाचे स्थान द्यावे लागेल.

३. श्रेयाचा प्रश्न

मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतील रात्रीच्या व्यवसायाला उतरती कळा लागली. त्याच सुमारास चित्रपटांतील वाद्यवृंद विस्तारत होते आणि स्वरलेखन वाचणाऱ्या वादकांची तेथे गरज होती. चिक यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर केलेले काम या संक्रमणाचे ठळक उदाहरण होय. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये चिक आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. परंतु हे अपवादात्मक होते. तबकडीवर चित्रपट, गायक आणि संगीतकार यांची नावे असत. वादकाचे नाव बहुधा नसे.

या उपेक्षेची दखल उशिरा का होईना घेतली गेली. ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या ग्रंथांनी स्टुडिओतील आणि हॉटेलांतील वादकांचा इतिहास प्रकाशात आणला. हे कार्य मोलाचे आहे. तथापि, त्यावरून काही वेळा दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष काढला जातो, की सारे कर्तृत्व संयोजकांचे होते आणि संगीतकार केवळ नावाचे धनी होते. सी. रामचंद्र यांच्याबाबतीत हे विधान टिकत नाही. ‘अलबेला’तील गीतांची ठेवण पाहिली, तर पितळी वाद्यांचा ठसका विदेशी असला तरी चालींचा ओघ आणि शब्दांची फेक देशी आहे, असे आढळते. या दोन परंपरांची सांधेजोड ही सहनिर्मिती होती. एका उपेक्षिताला न्याय देताना दुसऱ्याचे श्रेय हिरावणे हा न्याय नव्हे.

४. निष्कर्ष

नाव उरणे आणि कार्य उरणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गीतामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. परंतु संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना वाहिलेली ती आदरांजली आहे, हे फार थोड्या श्रोत्यांना ठाऊक होते. चिक चॉकलेट यांच्याबाबतीतही ‘आर्मस्ट्राँग’ ही उपाधी उरली आणि वादन मागे पडले.

ध्वनिमुद्रणानंतर स्वरलेखनाची पाने जपण्याची रीत स्टुडिओंत नव्हती. त्यामुळे तबकड्या आणि चित्रफिती हीच आज या वादकांची मुख्य साधनसामग्री ठरते. वाङ्मयाच्या अभ्यासात पाठचिकित्सेला जे स्थान आहे, तेच येथे चिकित्सक श्रवणाला द्यावे लागेल. गाण्याच्या दोन कडव्यांमधील काही क्षणांचा ट्रम्पेट कोणाचा, त्याने चालीला काय दिले, हे विचारणारी समीक्षा मराठीत उभी राहिली पाहिजे. मुंबईत घडलेल्या या संगीताचा तो हिशेब आहे आणि तो मांडण्याची जबाबदारी मराठी अभ्यासकांना टाळता येणार नाही. दिवंगत वादकाला वाहिलेली आदरांजली तेव्हाच गौरवाच्या पलीकडे जाईल.