मत्स्योदरीच्या पायथ्याचा गोंधळ

जालना जिल्ह्यांतील अंबड येथें माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचें ठाणें आहे. नवरात्रांतील यात्रेंत आम्हीं पाहिलेल्या गोंधळास ना रंगमंच, ना तिकीट. १९४७ सालीं एडिंबरोच्या महोत्सवांत निमंत्रण नसतां आठ नाटकमंडळ्यांनीं कडेला खेळ केले, त्याचें जगभर कौतुक झालें. आमचा हा कडेचा खेळ त्याहून कितीतरी जुना! मात्र एक गोष्ट आम्हांस खटकली. टाळ्या पडतात त्या संबळाच्या धडाक्यावर, म्हणून आख्यानाला कात्री लागते. वास्तविक गोंधळाचा प्राण आख्यानांत आहे. नायक कथा सांगत असतां साथीदार भोळे प्रश्न विचारून त्याला अडवितो, आणि त्या अडवणुकींतूनच पुराणांतली देवी घरची होते. नुसता धडाकाच ऐकावयाचा, तर लग्नांतला बँड काय वाईट? निदान दिवटी जळते तोंवर तरी कथा पुरी होऊं द्यावी.