कुंपणाला बाजू दोन

देवानं फोटोग्राफरला डोळे दोन दिले, पण त्यातला एक मिटायची सवय त्यानं स्वतःच लावून घेतली. त्यामुळे ज्या वस्तूला बाजू दोन असतात, तिची त्याला एकच दिसते. आणि अशा वस्तूंत पहिला मान कुंपणाचा.

फोटोचे विषय तसे इयत्तेप्रमाणे ठरलेले आहेत. पहिलीत मावळता सूर्य. दुसरीत सुरकुतलेला म्हातारा, शक्यतो पागोटंवाला. तिसरीत पावसानं भिजलेला रस्ता आणि त्यात पडलेला दिव्याचा उजेड. या तिन्ही परीक्षा पास झालेला माणूस चौथीत कुंपणाकडे वळतो. त्यालाही कारणं आहेत. सूर्य थांबत नाही. म्हातारा चहाचे पैसे मागतो. कुंपण बिचारं जागचं हलत नाही, ऐन वेळी डोळे मिटत नाही, "मला पण पाठवा हं एक!" असं म्हणत नाही. शिवाय रेघा आयत्या. उभ्या हव्या तर उभ्या, आडव्या हव्या तर आडव्या. संध्याकाळचं ऊन असेल तर सावल्यांच्या आणखी तेवढ्याच, फुकट.

मी कॉमर्सचा पदवीधर. रेघा हे आमच्या धंद्याचं भांडवल. आमच्या आधीच्या पिढीनं लेजरच्या लाल-निळ्या रेघांत आयुष्य काढलं, मी स्क्रीनवरच्या रकान्यांत काढतोय. त्यामुळे नुसत्या रेघा दाखवून मला कोणी गहिवर आणू शकत नाही. रकान्यात रक्कम काय आहे, ते आधी बघायची सवय!

आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांनी कुंपणांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. एकूण बेचाळीस कुंपणं. लाकडी, लोखंडी, तारेची, बांबूची, आणि एक कसलं ते कळलं नाही, पण त्याखाली 'अनंत' असं लिहिलं होतं. बाकीची नावं 'सीमा', 'निःशब्द', 'मी', 'सीमा-२' अशी. सौ. बरोबर होती. एका तारेच्या कुंपणासमोर ती बराच वेळ उभी राहिली. गृहस्थांना वाटलं, रसिक भेटला. ते लगबगीनं आले. सौ.नं विचारलं, "भावजी, ह्याच्या आत काय होतं हो?"

"वहिनी, ते तितकंसं महत्त्वाचं नाही. इथं लय बघा."

"नाही, लय दिसतेय. पण आत काहीच नसेल तर कुंपण घालण्याचा खर्च कशाला केला असेल त्यांनी?"

गृहस्थ हसले आणि दुसऱ्या रसिकाकडे गेले. कुंपणाच्या फोटोवर यापेक्षा नेमका प्रश्न मी तरी ऐकलेला नाही. आत काय आहे, बाहेर कोण आहे, आणि फोटो काढणारा यांतल्या कुठल्या बाजूला उभा आहे? पुढचं सगळं लिहिताना मी हाच प्रश्न खिशात घालून निघालोय. त्याचं श्रेय घरातच राहील.

या बाबतीत मला थोडा अनुभवही आहे. आता आमच्या कॅशिअरच्या पुढ्यात काच आली, पण मी कॅशवर बसायला लागलो तेव्हा चारी बाजूंनी जाळी होती. बाहेरच्याला वाटायचं, आत पैसे आहेत. आत बसलेल्याला वाटायचं, बाहेर चहा आहे. शाखेच्या वर्धापनदिनाला एका हौशी फोटोग्राफरनं जाळीतून माझा फोटो काढला. जाळीचे चौकोन अगदी रेखीव, मी किंचित धूसर. फोटोचं खूप कौतुक झालं. आईनं तो चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "अरे, जामीन कोण राहिलं तुला?"

असो. कुंपणाच्या फोटोंचा मूळपुरुष शोधायचा तर पॉल स्ट्रँड या अमेरिकन माणसापाशी जावं लागतं. १९१६ साली, पंचविशीत असताना, त्यानं न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट केंट गावी एका पांढऱ्या कुंपणाचा फोटो घेतला. त्या काळात बरेच 'कलावंत' फोटोग्राफर आपला फोटो चित्रासारखा दिसावा म्हणून भिंग जरा धूसर करायचे, कागदावर कारागिरी करायचे. म्हणजे बासुंदीसारखी दिसावी म्हणून आमटीत साखर घालण्याचा प्रकार. स्ट्रँडनं ते सगळं बाजूला ठेवलं आणि कुंपणच्या कुंपण फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लावून टाकलं. पुढे पांढऱ्या फळ्या, मागे काळपट जमीन, त्याच्याही मागे घर. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०३ पासून चालवलेलं 'कॅमेरा वर्क' हे नियतकालिक १९१७ मध्ये बंद पडलं. त्याचा शेवटचा जोडअंक सबंध स्ट्रँडच्या फोटोंचा होता आणि त्यात हे कुंपण होतं. तोवर वर्गणीदार चाळीसाच्या आत आले होते. म्हणजे आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला याहून जास्त माणसं येतात, आणि तीही नुसत्या वड्यांसाठी. पण त्या अंकाचा दरारा पुढच्या शंभर वर्षांवर पडला.

मला हा फोटो आवडतो. का, तर त्यातल्या फळ्या एकसारख्या नाहीत! एक जरा तिरकी, एक जरा बुटकी. कोकणातल्या गडग्यात जसा प्रत्येक दगड आपापल्या स्वभावानं बसलेला असतो, तसं. कोणीतरी हातानं करवत चालवली, खिळे ठोकले, एखादा चुकला असेल तेव्हा काहीतरी बोललाही असेल, हे सगळं त्यात दिसतं. आणि सौ.चा प्रश्न इथं लागू पडतो. आत काय आहे? घर आहे. आपण कुठं आहोत? रस्त्यावर. कुंपण इतकं पुढे आणि इतकं पांढरं आहे, की त्या घरी आपल्याला कोणी या म्हटलेलं नाही हे पहिल्या नजरेत कळतं. स्ट्रँडनंतर त्याच्या नावानं ज्यांनी कुंपणं काढली, त्यांनी फळ्या सरळ केल्या आणि घर काढून टाकलं. मग उरल्या रेघा.

रेघांतही उत्तम काम होऊ शकतं, हे कबूल केलं पाहिजे. मायकेल केना हे इंग्रज फोटोग्राफर जपानच्या होक्काइडो बेटावर ऐन थंडीत जातात आणि बर्फात बुडालेल्या कुंपणांचे फोटो काढतात. सगळं पांढरंशुभ्र, आणि टेकडीवरून चाललेली खांबांची एक बारीक रांग, टाकानं ओढल्यासारखी. पहिला फोटो बघताना माणूस खरोखर गप्प होतो. पाचव्याला वाटतं, किती थंडी असेल हो! दहाव्याला मात्र माझ्यातला कारकून जागा होतो आणि विचारतो, हे रान कोणाचं? उतारा कोणाच्या नावावर? बर्फ दोन्ही बाजूंना सारखाच पडतो आणि मालकीही झाकून टाकतो. कुंपण सुंदर होतं, पण कुंपण राहत नाही. निवृत्त झालेल्या फौजदाराला धोतर-टोपीत बघावं, तसं काहीसं होतं.

कुंपणाची खरी थट्टा केली ती क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या नवरा-बायकोनं. दोघांचा जन्म एकाच दिवशी, १३ जून १९३५ ला. पत्रिका कोणी बघितली होती कोण जाणे, पण चांगलीच जमली! १९७६ च्या सप्टेंबरात त्यांनी कॅलिफोर्नियात पांढऱ्या नायलॉनच्या कापडाचं एक कुंपण उभं केलं. उंची साडेपाच मीटर, लांबी ३९.४ किलोमीटर, टेकड्यांवरून वळणं घेत शेवटी थेट पॅसिफिक महासागरात उतरणारं. टिकलं किती? चौदा दिवस. पण माझ्यासारख्याला त्यातलं कापड गौण वाटतं. त्यामागचे कागद बघा! चार वर्षांची खटपट, ५९ शेतकऱ्यांची परवानगी, १८ जाहीर सुनावण्या, कोर्टाच्या फेऱ्या, आणि पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा ४५० पानांचा अहवाल. आमच्याकडे शंभर पानांच्या कर्जप्रकरणाला चार क्लार्क जीव टाकतात. इथं चौदा दिवसांच्या पडद्यासाठी साडेचारशे पानं! क्रिस्टो स्वतः म्हणायचे की ही सगळी खटपट कलाकृतीतच धरायची. या वाक्याची पाटी आमच्या शाखेत लावायला माझी हरकत नाही.

आणि आत काय? काहीच नाही. अलीकडे गायी, पलीकडे गायी. शिवाय गाड्यांना, गुरांना, रानातल्या जनावरांना जायला जागोजागी वाटा सोडलेल्या. कोणालाही न अडवणारं हे कुंपण. चौदा दिवसांनी सामान शेतकऱ्यांना मिळालं आणि आता ते फोटोंत आणि मेझल्स बंधूंच्या माहितीपटात उरलंय. त्या फोटोंत कापड वाऱ्यानं फुगलेलं दिसतं. लाकडाच्या कुंपणाच्या फोटोत वारा कधी दिसत नाही. हे बघताना मी अगदी मनापासून हसलो.

पण सगळीच कुंपणं हसण्यावारी नेता येत नाहीत. १८७४ साली इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं. गुरं पिकात जाऊ नयेत, एवढाच हेतू. तार गुरांसाठी केली, पण पुढे तिच्यामागे माणसं ठेवायची सोय लोकांना सुचली. बर्लिनमध्ये १९६१ च्या १३ ऑगस्टला पूर्वेकडच्यांनी हद्द बंद केली. तिथं अजून भिंत नव्हती, तारेचं नुसतं वेटोळं होतं. दोन दिवसांनी, म्हणजे १५ ऑगस्टला, पहाऱ्यावरच्या कोन्राड शुमान या एकोणीस वर्षांच्या शिपायानं त्यावरून पलीकडे उडी मारली. पेटर लायबिंग या विशीतल्या फोटोग्राफरनं त्याला हवेतच टिपला. कॅमेरा एक्झाक्टा, म्हणजे पूर्व जर्मनीतच तयार झालेला! फिल्म हातानं पुढे सरकवायची, त्यामुळे दुसरी संधी नाही. त्या फोटोत कुंपण घोट्याएवढं दिसतं. लय नाही, रेघा नाहीत, तारेचा नुसता गुंता आहे. पण ते कुठून कुठवर आहे, हे सांगायला तळटीप लागत नाही.

या सगळ्यांत मला अडवून ठेवणारं कुंपण मात्र मँझनारचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच देशातल्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत नेऊन ठेवलं. त्यांतले बहुतेक तिथलेच नागरिक. मँझनार ही त्यांतली एक छावणी, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी मुलखात, दहा हजारांवर माणसांची. १९४३ मध्ये अन्सेल अॅडम्स तिथं गेले. डोंगर-दऱ्यांचे फोटो काढणारे, नावाजलेले, आणि मनानं त्या लोकांच्या बाजूचे. त्यांना फोटो काढायला परवानगी मिळाली. अट एवढीच, की काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे आणि बंदूकवाले शिपाई दिसता कामा नयेत. अॅडम्स यांनी माणसांचे चेहरे टिपले, मळे टिपले, मागचे बर्फाळ डोंगर टिपले. मनोऱ्याचा फोटो नाही. पण मनोऱ्यावरून काढलेले फोटो आहेत! खाली बराकींची रांग, वर डोंगर, झकास. बघणारा म्हणेल, काय हवेशीर जागा आहे हो.

त्याच छावणीत तोयो मियाताके नावाचे एक फोटोग्राफर होते. लॉस अँजलिसमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. आत कॅमेरा न्यायला बंदी, म्हणून त्यांनी नुसतं भिंग चोरून नेलं आणि आतल्या एका सुताराकडून लाकडी खोकं करून घेतलं. पुढे छावणीच्या प्रमुखांना कळलं. त्यांनी परवानगी दिली, पण कशी? कॅमेरा मियाताकेंनी लावायचा, नेम त्यांनी धरायचा आणि बटण मात्र एका गोऱ्या माणसानं दाबायचं. बँकेत रक्कम मोठी असली की एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं मंजूर करायची, हा नियम मला पाठ आहे. पण आमच्याकडे निदान ते दोघंही जाळीच्या एकाच बाजूला असतात. काही दिवसांनी ही अटही गळाली.

१९४४ मध्ये मियाताकेंनी तीन मुलांचा फोटो काढला. तीन मुलगे तारेपाशी उभे आहेत, मागे पहाऱ्याचा मनोरा. जे अॅडम्सना वर्ज्य होतं, ते सगळं यात आहे. मुलं रडत नाहीत. शाळा सुटल्यावर गाडी यायची असावी तशी उभी आहेत. तारा आडव्या आहेत. रेघाच म्हणायच्या, पण कोणाला लय बघायची आठवण होत नाही. आपण तारेच्या कुठल्या अंगाला उभे आहोत, हे मात्र बघणाऱ्याला स्वतःला तपासावं लागतं. हा फोटो मी सौ.ला दाखवला. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाली, "मधल्याची आई कुठाय?"

आमच्या त्या गृहस्थांचं आता दुसरं प्रदर्शन यायचंय म्हणतात. त्यांना मी एक कुंपण सुचवलं आहे. आमची सोसायटी आणि शेजारची सोसायटी यांच्यामध्ये तारेची जाळी आहे. तिच्यात खालच्या बाजूला एक भगदाड आहे. पलीकडच्या कामवाल्या बाया, शाळेची मुलं, दूधवाला आणि आमच्या मजल्यावरचे एक रिटायर्ड न्यायाधीश तिथूनच ये-जा करतात. गवतात पायवाट पडली आहे, तारेला साडीचे धागे अडकले आहेत. सेक्रेटरींनी ते आजवर चार वेळा बुजवलं. दर वेळी आठवड्याच्या आत ते हातभर सरकून पुन्हा उघडतं. गृहस्थ येऊन बघून गेले. म्हणाले, "विषय चांगला आहे हो, पण मधेच तुटलेलं आहे. तेवढं दुरुस्त झालं की कळवा."