घाबरायचा मान

वरसे हे माझं गाव रोहे शहराला इतकं चिकटलेलं आहे की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते पाहुण्यांना दाखवावं लागतं. इमारती आहेत, क्लासेस आहेत, जवळच धाटावची एमआयडीसी आहे. तरी पुण्या-मुंबईचे नातेवाईक हमखास विचारतात, "कोकणात राहता, भुतं दिसतात का हो?" त्यांना दोष देत नाही. त्यांनी सिनेमे पाहिलेत.

भयपटात, विशेषतः एकेक पात्र कापत जाणाऱ्या स्लॅशरमध्ये, कोणत्या समाजाची माणसं दिसतात आणि आधी कोण मरतं, याची चर्चा अमेरिकेत जुनी आहे. 'स्क्रीम २' (१९९७) सुरू होतो तोच एका थिएटरात. तिथे एक कृष्णवर्णीय तरुणी तक्रार करते की या सिनेमांत आमच्या लोकांना जागाच नसते. थोड्याच वेळात तिचा मित्र आणि ती, दोघांचाही खून होतो. दिग्दर्शकाने खोड दाखवली, पण मोडली नाही. म्हणून नुसती डोकी मोजणं मला अपुरं वाटतं. घाबरतं कोण, हे पाहायला हवं. ज्याच्या भीतीत प्रेक्षक सामील होतो, सिनेमा त्याचा. 'गेट आउट'ने (२०१७) नेमकं हेच केलं: भीती एका कृष्णवर्णीय तरुणाच्या हाती दिली, आणि गोऱ्यांचं आदबशीर घर भीतिदायक झालं.

हा निकष आपल्याकडे लावून पाहू. विशाल फुरियांचा 'लपाछपी' (२०१७) हा नेटका, अंगावर येणारा चित्रपट. पूजा सावंतची गरोदर नेहा शहरातून उसाच्या फडातल्या घरात येते, भीती तिची. गावची तुळसाबाई घाबरवणारी. उषा नाईक यांनी ती जबरदस्त केली आहे. पण विषय आहे मुलींच्या हत्येचा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशात सर्वांत आधी. तो करावा लागला मुंबईसारख्या शहरांतल्या दवाखान्यांमुळे. सिनेमात मात्र हे पाप उसात आणि एका गावठी म्हातारीच्या पदरात जाऊन पडतं. शहरी प्रेक्षक घाबरतो, आणि सुटतोही.

'मुंज्या'त (२०२४) भूत कोकणातलं, घाबरणारा बिट्टू पुण्याचा. आमच्याकडून झाडं, पाऊस आणि शाप घेतले जातात. भीतीचा मान पाहुण्याला.

त्याच आदित्य सरपोतदारांच्या 'झोंबिवली'ने (२०२२) वेगळी वाट धरली होती. डोंबिवलीतले टॉवर आणि शेजारची वस्ती, दोघांनाही त्यात जीव वाचवायचा आहे, आणि पाणी कुणाला मिळतं हा प्रश्नही आहे. भीती वाटून घेतलेली दिसते.

पण माझं मत विचाराल तर याबाबतीत सगळ्यांत पुढे होता तो १९९३चा 'झपाटलेला'. हसू नका. 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी स्लॅशरवरून महेश कोठारेंनी तो बेतला. मूळ चित्रपटात खुनी बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो. कोठारेंनी तो गावाकडच्या, आईजवळ राहणाऱ्या, बोलक्या बाहुल्यांचे खेळ करू पाहणाऱ्या लक्ष्याच्या हाती दिला. आणि तात्या विंचू? तो मुंबईत गाजलेला गुंड. म्हणजे संकट शहराकडून आलं, घाबरला गावचा माणूस. बाहुला जिवंत आहे असं तो जीव तोडून सांगतो आणि कुणी विश्वास ठेवत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या त्या घाबरण्यावर आपण हसलो, पण अख्ख्या सिनेमाभर त्यांच्याच बाजूला होतो. गंभीर भयपटांना पुढे हे फारसं जमलेलं नाही.

वर्गाचा आणि जातीचा हिशेब तर अजून सुरूच व्हायचा आहे. रायगडातली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीशेजारच्या खोपटात, परक्या गावी, रात्री लेकराला उराशी घेऊन बसलेल्या बाईला कशाची भीती वाटत असेल? मुकादमाची, की बाहेर थांबलेल्या मोटारसायकलच्या आवाजाची? आपल्या भयपटात ती आलीच, तर आडरानात अचानक समोर उभी राहून नायिकेला दचकवण्यापुरती येते. कॅमेरा खोपटाच्या आत, तिच्या पाठीशी ठेवून बाहेरच्या अंधाराकडे पाहणारा मराठी सिनेमा मला पाहायचा आहे. रोह्यापासून फार लांब जावं लागणार नाही.