एका पिशवीचं रसग्रहण

आजवर मी बऱ्याच गोष्टींवर अभिप्राय दिले आहेत. दिवाळी अंक, नवी नाटकं, व्याह्यांकडची बासुंदी. अभिप्राय कोणी मागितला होता का, हा प्रश्न सदाशिव पेठेत गैरलागू आहे. पण तीन किलोची एक प्लॅस्टिकची पिशवी मी अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचीन आणि वर तिच्यावर लिहायला बसेन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पिशवी कुत्र्याच्या खाण्याची आहे. कुत्रं आमचं आहे. म्हणजे असं की, ते चिरंजीवांनी आणलं, त्याचं नाव सूनबाईंनी ठेवलं आणि दोघं सकाळी हिंजवडीला निघून गेली की रात्रीपर्यंत ते आमचं असतं. जात पॉमेरेनियन, वय नऊ आठवडे, वजन नऊशे ग्रॅम. किलोच्या श्रीखंडाचा डबा त्याच्यापेक्षा जड. नाव कोको. कोको आणि चॉकलेट हे कुत्र्यांना विष आहे, हे नाव ठेवून झाल्यावर कळलं. तोवर बारसं आटोपलं होतं आणि पेढे वाटले गेले होते.

हा कोको खात नसे. ताटलीपाशी जाई, वास घेई, आणि प्रयोगाच्या मध्यंतरात उठून जाणाऱ्या समीक्षकासारखा पाठ फिरवून निघून जाई. कुत्र्याच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या सुमारे सतराशे, माणसाच्या सुमारे नऊ हजार. तेव्हा चवीवरून एवढं नाक मुरडायचा त्याला तसा अधिकार नव्हता. पण त्याचा सगळा कारभार नाकाचा. ताटली नाकाला पटली नाही, तर जिभेपर्यंत प्रकरण जातच नाही.

मग घरात मौखिक परंपरा सुरू झाली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, दूध-पोळी कुस्करून द्या, आमच्या वाड्यातली सगळी कुत्री त्यावरच वाढली. दूध त्याने घेतलं. ते कसं बाहेर आलं हे गालिच्याला विचारावं. आमच्या हिने प्रसादातल्या मनुका तळहातावर घेऊन "घे रे बाळा, घे रे राजा" असं आर्जव केलं. इतकं आर्जव तिने मला उभ्या आयुष्यात केलेलं नाही. त्याने मनुका हुंगल्या आणि तोंड फिरवलं. द्राक्षं आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हेही नंतर कळलं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांनी त्याचा संशय टार्टारिक आम्लावर घेतला आणि ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे मी त्याला चिंच-गुळाची आमटी कालवून भात देणार होतो तोही बेत रद्द. त्या आठवड्यात आमच्या घरात योग्य नकार देणारा एकच प्राणी होता, आणि आम्ही सगळे त्याला हट्टी म्हणत होतो.

आपलं पारंपरिक वाङ्मयही या विषयात फारसं उपयोगी पडत नाही. एकीकडे आपण म्हणतो, कुत्र्याला तूप पचत नाही. दुसरीकडे कुत्र्याने भाकरी पळवली तर ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. दोन्ही वचनं आपल्याला तोंडपाठ आहेत आणि त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली असेल असं दिसत नाही. मी स्वतः वाटी घेऊन दिवाणखान्यात तीन फेऱ्या मारल्या. फरक एवढाच, की नामदेवांच्या कुत्र्याने निदान भाकरी तरी पळवली होती.

तेव्हा पिशवीकडे वळलो. या वाङ्मयप्रकाराचा आद्य प्रवर्तक जेम्स स्प्रॅट. हा अमेरिकन गृहस्थ लंडनला आला होता विजेपासून घराचं रक्षण करणाऱ्या सळ्या विकायला, आणि १८६०च्या सुमारास विकू लागला कुत्र्यांची बिस्किटं. गहू, भाज्या, बीट आणि मांस. मांस कुठलं, ते त्याने गुलदस्त्यातच ठेवलं. हा संयम त्याच्या वारसांनी पुष्कळ अंशी पाळला आहे.

मुखपृष्ठावर एक सोनेरी कुत्रं, शेजारी भाजलेली कोंबडीची तंगडी, गाजर, वाटाणा, टोमॅटो. आत उघडून पाहावं तर तपकिरी दाणे. मुखपृष्ठाचा आशयाशी संबंध नसणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही. पात्रपरिचय मात्र मागच्या बाजूला प्रामाणिक आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिले आहेत. पहिलं नाव धान्याचं. मुखपृष्ठावरची नायिका कोंबडी दुसऱ्या क्रमांकावर, तीही आपल्या "उपपदार्थां"सह. गाजर आणि वाटाणा मिठाच्याही खाली, म्हणजे भालदार-चोपदार.

माझ्यातला टीकाकार इथे खवळला. लांडग्याच्या वंशजाला धान्य? पण या आक्षेपात दम नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात, कुत्र्याकडे कितीतरी जास्त. माणसाच्या उंबरठ्याशी हजारो वर्षं बसून लांडगा पोळी-भाकरीला सरावला आहे.

आकडेवारीचं प्रकरण जास्त गंभीर. "क्रूड प्रोटीन" अमुक टक्के असं छापलेलं असतं. हे प्रोटीन कोणी प्रत्यक्ष मोजत नाही. नायट्रोजन मोजतात आणि त्याला सव्वासहाने गुणतात. कवितेतले अलंकार मोजून त्यावरून रस किती निघाला हे सांगण्यासारखंच हे. यातली गोम ओळखून चिनी व्यापाऱ्यांनी गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलं. त्यात नायट्रोजन भरपूर, प्रोटीन शून्य. २००७ मध्ये अमेरिकेत ते खाऊन कुत्री-मांजरं मेली आणि डबेच्या डबे बाजारातून परत घ्यावे लागले. आकडा मात्र शेवटपर्यंत उत्तम होता.

शेवटी तक्ता. पिल्लाचं वय आडवं आणि "पूर्ण वाढ झाल्यावरचं वजन" उभं. नायकाचं पुढे काय होणार, हे पहिल्याच पानावर वाचकाला विचारणारं पुस्तक मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. विकणाऱ्याने तीन किलो सांगितलं होतं. वरच्या मजल्यावरच्या अण्णांनी पंजे पाहून पाच सांगितलं.

हे अण्णा म्हणजे अधिकारी व्यक्ती. त्यांच्याकडे पूर्वी अल्सेशियन होता. त्यांनी कोकोची ताटली पाहिली आणि निकाल दिला, "अहो, तुम्ही लाडावून ठेवलंय त्याला. एक रात्र उपाशी ठेवा. सकाळी झक मारत खाईल. आमच्या शेराला दोन दिवस ठेवला होता मी!"

इतक्या खात्रीने बोललेलं वाक्य मला नेहमीच खरं वाटतं. संध्याकाळी पाचला ताटली उचलली. सकाळी सात वाजता ही ओरडली, "अहो, लवकर या, हा बघा कसा करतोय!" कोको उभा राहायला जात होता आणि कुशीवर पडत होता. मान टाकलेली. डोळे उघडे, पण ते आमच्याकडे बघत नव्हते. नऊशे ग्रॅमचं ते पोर हातात घेतलं तर रिकाम्या लोकरी टोपीसारखं लागलं.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "हिरड्यांना मध चोळा. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. आणि तसेच निघा." रिक्षात ही मध चोळत होती आणि मी रिक्षावाल्याला, जन्मात पहिल्यांदा, मीटरबद्दल काहीही विचारलं नाही.

"काका, शेवटचं कधी खाल्लं यानं?"

"काल पाचच्या सुमाराला."

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग सलाइनमधून साखर देता देता समजावून सांगितलं. एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा तो किती असणार? मोठ्या जातीचं कुत्रं एक-दोन दिवस उपाशी काढेल. तीन-चार महिन्यांच्या आतलं हे छोट्या जातीचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरून कोसळतं. दिवसातून चार वेळा द्यायचं. दाणे कोमट पाण्यात भिजवून, म्हणजे वास सुटतो आणि नाक राजी होतं. वर उकडलेलं अंडं चमचाभर, पण असलं वरखाणं सगळ्या आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत. नाहीतर तेवढंच खाईल आणि हाडांना लागणारा कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बिघडेल.

अण्णा खोटं बोलले नव्हते. शेराच्या बाबतीत ते अक्षर न् अक्षर खरं होतं. शेरा छत्तीस किलोचा होता. मी आयुष्यभर पुस्तकांना विचारत आलो, की बाबा, हे लिहिलंस कोणासाठी? तो एक प्रश्न अण्णांना विचारायचा राहिला होता.

अकराच्या सुमाराला कोकोने डॉक्टरीणबाईंच्या बोटाला चावा घेतला आणि त्यांनी घरी न्यायला परवानगी दिली.

घरी आल्यावर पिशवी पुन्हा वाचली. अगदी खाली, चष्मा काढून नाकाशी धरावं लागेल अशा टायपात, एक वाक्य सापडलं: वाढत्या पिल्लांसाठी संपूर्ण व समतोल आहार. सबंध लेखनात कामाचं असं ते एवढंच आणि मांडणीकाराने ते बारकोडाला खेटून टाकलं आहे. उपाशी ठेवण्याबद्दल मात्र कुठेच अक्षर नाही. वाचनालयाच्या पुस्तकात समासात लिहिणाऱ्यांचा मला जन्मभर राग आला आहे. तरी मार्करने तक्त्याच्या वर ठळक लिहिलं: "किलोभर पिल्लास उपाशी ठेवू नये."

ज्या स्वयंपाकघरात तीन पिढ्या अंडं आलं नव्हतं तिथे आता एका वेगळ्या पातेल्यात ते रोज उकडतं. काल पिशवी उघडायला गेलो तर माझ्या टीपेखाली हिच्या अक्षरात दुसरी टीप होती: "अंडी संपली आहेत. येताना आणणे."